मंगळवेढ्याच्या अलीकडे तुटलेला बोल्ट

बॉनेटच्या फटीतून वाफ यायला लागली तेव्हा मी जीपच्या मागच्या बाकावर डोळे मिटून पडले होते. झोप लागलेली नव्हती. आदल्या रात्रीपासून पाण्याचा थेंब पोटात गेला नव्हता आणि जीभ टाळूला चिकटून बसली होती. बाहेर एप्रिलचं ऊन, दोन्ही बाजूंना ज्वारी काढून उघडी पडलेली काळी रानं आणि नाकासमोर सोलापूरकडे गेलेला रस्ता.

"गेलं," एवढंच म्हणून तायाप्पा वस्तादांनी जीप बाजूला घेतली.

वस्ताद म्हणजे आमच्या गावच्या तालमीचे वस्ताद. जत तालुक्यातल्या आमच्या त्या कोरड्या गावात पोरी कुस्ती खेळत नसत. मी खेळत होते. शाळेत असताना एकदा नळावर मी एका पोराला उचलून आपटलं होतं. वस्ताद तिथून चालले होते. भांडण सोडवायचं सोडून ते म्हणाले, "डावा पाय आणखी आत घालायचा." दुसऱ्या दिवसापासून मी तालमीत. गाव हसायचं. माझे वडील, अण्णा, हसत नसत. पण लोकांना उत्तरं देऊन देऊन दमले होते. त्या वर्षी त्यांनी स्पष्ट सांगून टाकलं होतं: राज्याच्या संघात निवड झाली तर पुढचं पुढं बघू, नाहीतर जूनमध्ये लग्न. मुलगा बघून ठेवलेला होता. साखर कारखान्यात होता, स्वभावानं चांगला होता, त्याच्याविषयी माझी काही तक्रार नव्हती. मला फक्त कुस्ती सोडायची नव्हती.

निवड चाचणी सोलापुरात होती. वजनं त्या दिवशी संध्याकाळी सहापर्यंत घेणार आणि कुस्त्या दुसऱ्या दिवशी. माझा गट एक्कावन्न किलोचा. काटा एक्कावन्नच्या वर गेला की कुस्ती न खेळताच घरी. म्हणून माझं पाणी बंद. सकाळी निघताना वस्तादांनी मला पिठाच्या गिरणीतल्या काट्यावर उभं केलं होतं आणि आकडा स्वतःच वाचून "बसतंय, चल," म्हणाले होते. माझ्या जोडीनं त्यांनीही पाणी सोडलं होतं. शिष्य तहानलेला असताना वस्तादानं प्यायचं नाही, असा त्यांचा स्वतःचाच कायदा.

थोड्या अंतरावर रस्त्याकडेला पत्र्याचं एक गॅरेज दिसत होतं. जीप ढकलत तिथवर नेली. गॅरेजच्या मागेच घर होतं. आतून दस्तगीर मिस्त्री बाहेर आले. पन्नाशीचे, किडकिडीत, दाढी मेंदीनं रंगवलेली आणि उजवा हात कोपरापर्यंत प्लॅस्टरमध्ये. त्यांनी डाव्या हातानं बॉनेट उचललं, पंख्याचं पातं धरून हलवलं आणि आमच्याकडे वळून म्हणाले, "पाण्याचा पंप गेलाय. इंजिनात पाणी फिरवणाराच बसला, मग इंजिन तापणार न्हाईतर काय. सोलापूरपर्यंत रेटलं तर इंजिन धरून बसंल."

"पंप मिळंल का?" मी विचारलं.

"मागं भंगारात एक जीप पडलीय, तिचा पंप चांगला हाय. जुना काढायचा, तो चढवायचा, दुपार कलायच्या आत तुम्ही रस्त्याला लागाल. फक्त हात तुमचे लागतील. माझा गिअरबॉक्सखाली सापडलाय."

मला हायसं वाटलं. तेवढ्यात मिस्त्रींच्या घरातून भाभी तांब्याभर पाणी घेऊन आल्या. मी मान हलवून नको म्हटलं. वस्तादांनीही नको म्हटलं. भाभींनी एकदा मिस्त्रींकडे बघितलं आणि तांब्या तसाच आत नेला.

मिस्त्री सांगतील तसं वस्ताद पाना चालवत होते. रेडिएटर उतरला, पंखा उतरला. पंपाचे बोल्ट एकामागून एक निघत आले. सगळ्यात खालचा मात्र हलेना.

"थांबा," मिस्त्री म्हणाले. "हा वर्षानुवर्षं पाण्यात मुरलाय. गंजानं आत धरलंय त्याला. मी ब्लो लॅम्प आणतो, त्याच्या ज्योतीनं जरा शेक देऊ, डिझेल सोडू. तोवर याला जोर लावू नका, तुटंल."

ते मागच्या बाजूला गेले. मी दाराच्या सावलीत बसले होते. वस्ताद बोल्टकडे बघत उभे राहिले. मग त्यांनी भिंतीला टेकवलेला लोखंडी पाइप उचलला, पान्याच्या दांड्यावर चढवला, पाय रोवले आणि अंगाचा सगळा भार त्यावर टाकला.

कट् असा आवाज झाला. मोठाही नव्हता. पाइप, पाना आणि बोल्टचं डोकं, तिन्ही खाली पडलं.

मिस्त्री लॅम्प घेऊन आले आणि जागेवरच थांबले. "वस्ताद, सांगितलं होतं की."

"लागला जोर," वस्ताद आपल्या पंजाकडे बघत म्हणाले.

पंप सैल होऊन हातात आला. बोल्टचा उरलेला भाग इंजिनच्या ठोकळ्यात तसाच राहिला, अगदी तोंडाशी सपाट कापल्यासारखा. चिमटीत धरायला नखभरसुद्धा जागा नाही. आणि तो आत असेपर्यंत नवा पंप बसणार नव्हता.

"मग राहिलं म्हणायचं," वस्ताद म्हणाले. "देवाच्या मनात नसंल. चल पोरी, पुढच्या वर्षी बघू."

मला वाटलं मी चुकीचं ऐकलं. सहा वर्षांत या माणसानं मला एकदाही 'राहू दे' म्हटलं नव्हतं. ताप असला तरी तालमीत येऊन बसायला लावायचे.

"पुढचं वर्ष कुठलं, वस्ताद? जूनमध्ये लग्न हाय माझं."

"अण्णांना मी सांगतो. गाडीच बंद पडली, त्याला तू काय करणार? आणखी एक वर्ष मागून घेतो मी."

"एसटीनं जाऊ."

"लग्नतिथी हाय आज. कोण थांबतंय?"

त्याच वेळी सोलापूरची एसटी येताना दिसली. मी रस्त्यावर धावले, दोन्ही हात वर केले. गाडीच्या दारात माणसं लोंबकळत होती. ड्रायव्हरनं हातानंच जागा नाही अशी खूण केली आणि धूळ उडवत गाडी निघून गेली. मागून वऱ्हाडाचा टेंपो आला, तोही थांबला नाही. वस्ताद सावलीतून हलले नव्हते.

मी परत आले ती थेट मिस्त्रींपुढे. "चाचा, तुटलेला बोल्ट निघतच न्हाई का?"

"निघतो की. लाइट असती तर वेल्डिंगनं त्याच्यावर नट चिकटवला असता आणि पान्यानं फिरवून काढला असता. पण भारनियमन चालू हाय. लाइट येणार संध्याकाळी." त्यांनी दाढी खाजवली. "दुसरी रीत हाय. त्याच्या बरोब्बर मधोमध भोक पाडायचं, भोकात चौकोनी पंच ठोकायचा आणि पंचाला पाना लावून फिरवायचा. हाताचं गिरमिट हाय माझ्याकडं. पण गिरमिट फिरवायला दोन हात लागतात, बेटी."

"माझे हायत की दोन."

"तू हात लावू नकोस," वस्ताद एकदम म्हणाले. "उद्या कुस्ती हाय. मनगट भरून येईल."

"आत्ताच म्हणालात ना, राहिलं म्हणून? मग उद्या कसली कुस्ती?"

मिस्त्री खाली बघून हसले आणि हत्यारांच्या पेटीकडे गेले.

मी बंपरवर पाय देऊन इंजिनवर वाकले. मिस्त्रींनी माझ्या हातात टोकदार पंच आणि हातोडी दिली. "सगळा खेळ या एका टिंबाचा हाय. टिंब मधोमध पडलं तर भोक मधोमध. एका बाजूला गेलं तर भोक ठोकळ्याचे आटे खाणार. मग मी सुद्धा काही करू शकणार न्हाई."

मी पंच टेकवला. "किंचित वर," मिस्त्री कानाशी म्हणाले. "तिथं न्हाई, आणखी. आता श्वास सोड आणि मार." मी मारला. ते डोळे बारीक करून जवळ गेले, टॉर्च लावून बघितलं आणि म्हणाले, "पडलं बरोबर."

मग गिरमिट. छातीशी टेकवायचं, एका हातानं धरायचं आणि दुसऱ्या हातानं त्याचा दांडा चक्कीसारखा फिरवायचा. त्याच्या टोकाला आधी बारीक बिट बसवायचं, मग त्याहून जाड. पहिल्यांदा बिट नुसतं घसरत राहिलं. मग त्यानं धरलं आणि चांदीच्या धाग्यासारखा एक बारीक तुकडा वळत वळत बाहेर आला. तो बघून मला जो आनंद झाला तो सांगता येत नाही. बोल्ट पोलादाचा होता, पण तो कापला जात होता आणि मी कापत होते.

"वाकडं जातंय," मिस्त्री सांगायचे. "कोपर खाली. तेल सोड. थांब, बिटला दमू दे. हां, आता फिरव."

पत्रा वरून भाजत होता. इंजिन अजून गरम होतं आणि त्याची धग थेट तोंडावर येत होती. थोड्याच वेळात माझ्या हनुवटीवरून घाम ठोकळ्यावर टपटपायला लागला. पंजा निसटायचा, मी तो कुडत्याला पुसायचे आणि पुन्हा फिरवायचे. एकदा बिट आत अडकलं. मी जोर करणार तोच मिस्त्रींनी डाव्या हातानं माझं मनगट धरलं. "आत तुटलं की संपलं. उलटं फिरव. हळू." मी उलटं फिरवलं, बिट सुटलं. आम्ही दोघांनी एकदमच श्वास सोडला.

आणि वस्ताद? वस्ताद उलट्या डब्यावर बसून नुसते माझ्याकडे बघत होते. त्यांचे दंड माझ्या मांड्यांएवढे होते. शेवटी मिस्त्रींनाच राहवेना. "पैलवान, जरा पोरीला उसंत द्या की. थोडं तुम्ही फिरवा."

"खांदा धरलाय माझा," वस्ताद म्हणाले. "करू दे तिला."

मला राग आला. मगाशी पाइपवर अंग टाकताना यांचा खांदा धरला नव्हता. त्यावर आणखी कडी म्हणजे ते उठले, जीपमधून माझं नायलॉनचं जॅकेट घेऊन आले आणि माझ्यापुढे धरलं. "हे घाल. चेनपण लाव."

"या उन्हात?"

"ठिणग्या उडतात."

"हाताच्या गिरमिटाला कसल्या ठिणग्या, वस्ताद?" मिस्त्री म्हणाले.

"ब्लो लॅम्प लागणार हाय ना पुढं? आच लागंल तिला. घाल म्हणतो ना."

वस्तादांनी 'घाल' म्हटलं की घालायचं, ही सहा वर्षांची सवय. मी ते जॅकेट घातलं. अंगाची भट्टी झाली. आत घामाचे ओघळ पाठीवरून कमरेपर्यंत जाताना कळत होते. मी दातओठ खाऊन गिरमिट फिरवत राहिले. वस्तादांवरचा सगळा राग त्या बोल्टवर काढत होते म्हणा ना.

भोक पुरेसं खोल झालं तेव्हा भाभी पुन्हा पाणी घेऊन आल्या. या वेळी माठातलं, तांब्याच्या बाहेर थेंब जमलेले. माझी नजर त्या थेंबांवर चिकटली. पण मी पुन्हा मान हलवली.

मिस्त्रींनी हातातलं फडकं खाली ठेवलं. आवाज मऊच होता, पण बदललेला. "भांडं घासलेलं हाय, बेटी."

मला आधी कळलंच नाही. कळलं तेव्हा मी बंपरवरून खाली उतरले. "चाचा, तसलं काही न्हाई हो. मी पैलवान हाय. आज सोलापुरात वजन हाय माझं. एक घोट घेतला आणि काटा वर गेला, तर सगळं गेलं. वस्तादपण माझ्यापायीच पीत न्हाईत. वजन झालं असतं तर मी माठ उपडा केला असता तुमच्याकडचा."

मिस्त्री थोडा वेळ माझ्याकडे बघत राहिले. मग वस्तादांकडे, मग माझ्या अंगातल्या जॅकेटकडे. काहीतरी त्यांच्या ध्यानात आलं असावं. भाभींना म्हणाले, "तो तांब्या आत ने. पोरीच्या डोळ्यापुढं नको." आणि मला म्हणाले, "आधी सांगायचं न्हाई का? मी आपलं मनात काय काय घेऊन बसलो होतो. चल, वर चढ. आज तुला काट्यावर उभं केल्याशिवाय मी पण पाणी पीत न्हाई."

तिथून पुढं मिस्त्रींना वेगळाच चेव आला.

ब्लो लॅम्पची निळी ज्योत त्यांनी बोल्टच्या भोवती फिरवली; बोल्टवर नाही, त्याच्या आजूबाजूच्या लोखंडावर. "घर तापलं की पसरतं," ते म्हणाले, "आतला माणूस जरा मोकळा होतो." मग खिशातून मेणबत्तीचा तुकडा काढला आणि माझ्या हातात दिला. मी तो तापल्या जागी टेकवला. मेण वितळलं आणि डोळ्यांदेखत बोल्टच्या कडेनं आत शोषलं गेलं. "बघ, वाट सापडली त्याला."

चौकोनी पंच भोकात ठेवून मी हातोडीनं बसवला. त्याला पाना लावला. आता सोडवायचं म्हणून डावीकडे जोर लावणार, तोच मिस्त्री म्हणाले, "आधी आवळ."

"आवळू?"

"केसभर. उजवीकडं. गंज पहिल्यांदा तुटतो तो कुठल्या का बाजूनं असंना. तू सोडवायलाच धावलीस तर त्यो आणखी धरून बसतो."

मी उजवीकडे जोर दिला. काहीच नाही. डावीकडे. काहीच नाही. पुन्हा ज्योत, पुन्हा मेण, पंचाच्या डोक्यावर हातोडीचे बारके ठोके. उजवीकडे, डावीकडे. पाना हातात किंचित लवल्यासारखा वाटला. पंच तुटायला आला की काय, या धास्तीनं मी थांबले. मिस्त्रींनी पंचाला कान लावल्यासारखी मान वाकडी केली.

"पुन्हा. तेवढाच जोर. वाढवू नकोस."

मी पुन्हा लावला. आणि हाताला कळलं. कानाला काहीच ऐकू आलं नाही, डोळ्याला दिसलं नाही, पण कुस्तीत समोरच्याचा पाय जमिनीवरून सुटतो तेव्हा जसं आधी आपल्या पंजालाच कळतं, तसं कळलं. तो हलला होता. सुईच्या टोकाएवढा, पण हलला होता.

"चाचा, आला."

"ओढू नकोस. आता लाड कर त्याचे. थोडा पुढं, थोडा मागं. तेल सोड."

थोडा पुढं, थोडा मागं. करकर आवाज यायला लागला. तेलात तांबडा गंज मिसळून बाहेर येत होता. मग पाना पाव फेरा फिरला, मग अर्धा, मग एकदम ढिला पडला, आणि मी चक्क बोटांनी फिरवत फिरवत त्या बोल्टचा तुकडा बाहेर काढला. गरम होता. तो तळहातावर घेऊन मी मिस्त्रींपुढे धरला. त्यांनी आतल्या आट्यांवर टॉर्च मारला, बोट फिरवलं आणि मागे वळून आत हाक मारली, "अगं, ये बाहेर, बघ पोरीनं काय काढलं ते." भाभी धावत आल्या. आम्ही तिघं त्या गंजक्या लोखंडाभोवती उभे राहून हसत होतो. वस्ताद डब्यावरून उठले होते. ते बोल्टकडे बघत नव्हते. माझ्या पायाशी घामाचं जे थारोळं झालं होतं, त्याच्याकडे बघत होते.

नंतरची धावपळ मला तुकड्यातुकड्यांनीच आठवते. मिस्त्रींनी पुठ्ठ्याचं गॅस्केट कापलं, ग्रीस लावलं. आता मात्र वस्तादांच्या खांद्याचं दुखणं पळालं होतं. दोन्ही हातांनी बोल्ट आवळत होते, रेडिएटर एकटेच उचलून बसवत होते. पाणी भरलं, इंजिन सुरू केलं. मिस्त्री नव्या पंपाखाली हात धरून बसले. थेंब गळेना. "निघा," ते म्हणाले. "इथं बोलत थांबू नका."

सूर्य मागे टाकून आम्ही जीप पळवली. मंगळवेढा गेलं, पुढं नदीचा पूल गेला. प्रत्येक गतिरोधकाला माझा जीव वर-खाली व्हायचा. वस्ताद एका डोळ्यानं रस्ता आणि एका डोळ्यानं तापमानाचा काटा बघत होते. सोलापुरात शिरताना उन्हं पिवळी झाली होती. जॅकेट जीपमध्येच टाकून मी क्रीडासंकुलाच्या फाटकातून पळत आत गेले, वस्ताद गाडी तशीच सोडून माझ्यामागे.

वजनं घेणाऱ्या बाई वही मिटायच्या बेतात होत्या. "कुठलं? सांगली? किती वेळ वाट बघायची?" मग माझ्या हातांकडे लक्ष गेलं. कोपरापर्यंत काळे, नखांत ग्रीस. "हे काय गं?"

"बोल्ट तुटला होता, मॅडम. काढून आले."

त्यांनी चष्म्यावरून बघितलं आणि काट्याकडे बोट केलं. "चढ."

मी चढले. काटा वर गेला, खाली आला, एक्कावन्नच्या रेषेपाशी थरथरला. बाई वाकल्या. थरथर थांबली. काटा रेषेवर होता, ना अलीकडे ना पलीकडे.

"बसलं," त्या म्हणाल्या. "थोडक्यात वाचलीस."

मी दारात आले तेव्हा वस्ताद भिंतीला डोकं टेकून उभे होते. "बसलं," मी म्हटलं. त्यांनी तोंड वळवलं नाही, फक्त हात मागे करून नळाकडे दाखवलं. मी नळाखाली बसले आणि आधी तोंड धुतलं की आधी प्यायले, ते आजही सांगता येणार नाही.

दुसऱ्या दिवशी तळहातावर गिरमिटाचे फोड टचटचीत झाले होते. पकड केली की कळ मस्तकात जायची. पहिल्या दोन कुस्त्या लवकर उरकल्या. शेवटची पुण्याच्या एका मुलीशी झाली, माझ्याहून उंच, माझ्याहून जुनी. फोड फुटले, हात ओला झाला, पण ती मला ओढत असताना मी उलटं ओढलं नाही. किंचित तिच्या बाजूनं गेले, ती सैल पडली आणि मी तिचा पाय उचलला. एका गुणानं जिंकले. निवड यादीत माझं नाव वाचलं तेव्हा वस्तादांनी कधी नव्हे ते माझ्या डोक्यावर थाप मारली.

परत निघालो तेव्हा मी पुढे, त्यांच्या शेजारी बसले. शहर मागे पडल्यावर ते रस्त्याकडे बघतच म्हणाले, "गिरणीच्या काट्यावर तू पाऊण किलो जास्त होतीस."

मला वाटलं चेष्टा करतायत.

"परवा मीच तुला भाकरी खायला लावली. गणित फसलं माझं. सकाळी काटा बघितला आणि तुझं तोंड बघितलं. सांगवेना. वाटेत तुला पळवावं म्हटलं, तर तू आधीच सुकलेली. भोवळ येऊन पडली असतीस. काय करावं कळेना, म्हणून गप गाडी चालवत राहिलो."

मी त्यांच्याकडे बघत होते. माझ्या डोळ्यांपुढे तो पाइप आला.

"वस्ताद, पाइप लावला तेव्हा बोल्ट तुटणार हे ठाऊक होतं तुम्हाला?"

"त्यासाठीच लावला."

जीप चालत राहिली. ते म्हणाले, "काट्यावरनं उतरवलेली पोरगी गावात परत गेली असती तर लोकांनी हसून हसून जीव घेतला असता. अण्णांनी दुसऱ्याच दिवशी सुपारी फोडली असती. गाडी बंद पडली म्हणून परत गेलो असतो, तर आणखी एक वर्ष मागता आलं असतं. म्हटलं, दोष गाडीवर जाऊ दे. पण तू गिरमिट घेऊन चढलीस, आणि थोड्या वेळानं तुझा घाम बघितला. मग म्हटलं, बोल्ट निघो न निघो, वजन निघतंय. मी कशाला हात लावू?"

मला हसू आलं. खरंच आलं. आणि ते ओठांवर येईपर्यंत त्याचा राग झाला.

"मी हरले असते तर हरले असते," मी म्हटलं. "काट्यावर हरले असते. लोक हसले असते, मी ऐकून घेतलं असतं. पण ते माझं होतं, वस्ताद. तुम्ही मला न सांगता गाडीच्या नावावर टाकायला निघालात."

गॅरेजचा पत्रा लांबून चमकायला लागला होता आणि मिस्त्री रस्त्याकडेला उभे होते, डोळ्यांवर डावा हात धरून.

"चुकलं," वस्ताद म्हणाले. त्यांच्या तोंडून हा शब्द मी माझ्यासाठी पहिल्यांदाच ऐकला. "परत न्हाई होणार."

कारखान्यातल्या त्या मुलाचं लग्न जूनमध्येच झालं, दुसऱ्या मुलीशी. मी अण्णांबरोबर जेवायला गेले होते. वस्ताद त्यानंतर कितीतरी वर्षं माझे वस्ताद राहिले. प्रत्येक स्पर्धेला काट्यापुढे वाकून उभे राहायचे आणि आकडा मोठ्यानं वाचायचे, चार लोकांत, चांगला असो की वाईट. एकदा हरियाणात, माझ्या सगळ्यात मोठ्या कुस्तीच्या आदल्या संध्याकाळी, आकडा जास्त निघाला. त्यांचा आवाज चिरकला, पण तो त्यांनी होता तसा वाचला. वजनं बंद व्हायला अजून तासभर होता; मी काट्यावरून उतरले, जॅकेटची चेन गळ्यापर्यंत ओढली आणि मैदानाकडे पळत सुटले.